समान नियम आरंभी, अपवाद अर्थासाठी : लेखी आज्ञांनी आकृती काढण्याचा एक पाठ

प्राथमिक वर्गात नद्यांचा पाठ शिकविताना पुस्तकातील नकाशाच्या जोडीला एक साधी रेखाकृती फार उपयोगी पडते. कोणती नदी कोणत्या नदीस मिळते, एवढेच तीत दाखवावयाचे असते. हिमायतनगर तालुक्यातील मुलांना अशा आकृतीची विशेष गरज आहे. नांदेड जिल्हा म्हटला की गोदावरी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु हिमायतनगरच्या मुलाची जवळची नदी पैनगंगा होय. सहस्रकुंडाचा धबधबा त्याने पाहिलेला असतो. या नदीचे पाणी नांदेड शहरापाशी गोदावरीत जात असावे, असा त्याचा सहज समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. एकाच जिल्ह्यावर पडलेले पावसाचे दोन थेंब इतक्या दूर जाऊन एकमेकांस भेटतात, ही गोष्ट चार ओळींच्या वर्णनापेक्षा एका आकृतीने अधिक स्पष्ट होते.

अशी आकृती फळ्यावर काढता येते आणि ती काढावीच. परंतु तीच आकृती भिंतीवर लावावयाची, मुलांच्या हाती द्यावयाची, शेजारच्या शाळेस पाठवावयाची आणि पुढील वर्षी दुरुस्त करावयाची असेल, तर ती संगणकावर लेखी आज्ञांनी काढणे सोयीचे असते. प्रस्तुत पाठात त्या कामातील एकाच अंगाचा विचार केला आहे. संपूर्ण आकृतीस लागू होणारे समान नियम कोठे व कसे सांगावेत, हा तो विषय होय.

१. साधनाचा परिचय

या कामासाठी अनेक साधने आहेत. त्यांपैकी ग्राफव्हिझ हे जुने, विनामूल्य आणि सर्वत्र वापरले जाणारे साधन येथे घेतले आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची घडण झाली. त्यातील डॉट या मुख्य कार्यक्रमाची मांडणीपद्धती गॅन्सनर, कूट्सोफिओस, नॉर्थ आणि व्हो यांनी १९९३ साली एका शोधनिबंधात प्रसिद्ध केली. या साधनात आपण चित्र काढीत नाही; कोणाचा कोणाशी संबंध आहे, एवढेच लिहून देतो. चौकटी कोठे ठेवावयाच्या आणि रेषा कशा वळवावयाच्या, हे साधन ठरविते.

आकृतीचे तीन विभाग ध्यानात ठेवावेत. पहिला, संपूर्ण आकृती. तिला या भाषेत ग्राफ म्हणतात. दुसरा, आकृतीतील प्रत्येक घटक. त्यास नोड म्हणतात. तिसरा, दोन घटकांस जोडणारी रेषा. तिला एज म्हणतात. समान नियमही याच तीन नावांनी सांगावयाचे असतात.

साधनाचे आज्ञाशब्द रोमन लिपीतच टंकावे लागतात. या पाठात ते देवनागरीत छापले आहेत. म्हणून त्यांची वर्णाक्षरे एकदा पाहून घ्यावीत :

ग्राफ — जी, आर, ए, पी, एच
डायग्राफ — डी, आय आणि पुढे वरील ग्राफ
सबग्राफ — एस, यू, बी आणि पुढे वरील ग्राफ
नोड — एन, ओ, डी, ई
एज — ई, डी, जी, ई
रँकडिर — आर, ए, एन, के, डी, आय, आर
शेप — एस, एच, ए, पी, ई
बॉक्स — बी, ओ, एक्स
इलिप्स — ई, एल, एल, आय, पी, एस, ई
फाँटनेम — एफ, ओ, एन, टी, एन, ए, एम, ई
फाँटसाइझ — एफ, ओ, एन, टी, एस, आय, झेड, ई
पेनविड्थ — पी, ई, एन, डब्ल्यू, आय, डी, टी, एच
पेरिफेरीज — पी, ई, आर, आय, पी, एच, ई, आर, आय, ई, एस

२. नियम न सांगितल्यास काय होते

आपण काहीच सांगितले नाही, तरी साधन आकृती काढतेच. अशा वेळी ते स्वतःचे पूर्वनिश्चित नियम लावते. प्रत्येक घटक लंबवर्तुळात येतो, अक्षरमान १४ राहते, आणि आकृती वरून खाली उतरत जाते. कार्यालयातील कागदावर हे चालेल. वर्गाच्या भिंतीवर १४ मानाची अक्षरे मागील बाकावरील मुलास वाचता येणार नाहीत. तेव्हा नियम बदलणे भाग पडते.

येथे नवशिक्या माणसाचा कल प्रत्येक नदीपुढे स्वतंत्र सूचना लिहिण्याकडे होतो. कयाधूपुढे चौकट आणि अक्षरमान २४, पूर्णेपुढे पुन्हा तेच, आसनेपुढे पुन्हा तेच. बारा नद्यांसाठी बारा वेळा तेच लिहिताना एखाद्या ठिकाणी २४ ऐवजी २० पडते, एखादी नदी लंबवर्तुळातच राहून जाते. मोठ्या माणसाच्या नजरेतून हा फरक निसटतो. मुलाच्या नजरेतून तो निसटत नाही. “गुरुजी, ही नदी गोल का आणि बाकीच्या चौकोनी का?” असा प्रश्न तो विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदी योग्य असतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने आकृतीतील प्रत्येक भेद हे एक विधान असते. ज्या भेदास कारण देता येत नाही, तो भेद आकृतीत असू नये.

३. तीन समान आज्ञा

आता आकृतीचा लेख पाहू.

डायग्राफ {
  ग्राफ [रँकडिर = एलआर]
  नोड [शेप = बॉक्स, फाँटनेम = "नोटो सान्स देवनागरी", फाँटसाइझ = २४]
  एज [पेनविड्थ = १]

  "कयाधू" -> "पैनगंगा"
  "पूस" -> "पैनगंगा"
  "वैनगंगा" -> "प्राणहिता"
  "दुधना" -> "पूर्णा" -> "गोदावरी"
  "आसना" -> "गोदावरी"

  "पैनगंगा" -> "वर्धा" -> "प्राणहिता" -> "गोदावरी" [पेनविड्थ = ४]
  "पैनगंगा" [पेरिफेरीज = २]
}

आरंभीच्या तीन ओळी हे समान नियम होत. पहिल्या ओळीने संपूर्ण आकृतीची दिशा डावीकडून उजवीकडे ठरविली. या निवडीस कारण आहे. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, आणि भिंतीवरील नकाशात पश्चिम डाव्या हातास असते. आकृती व नकाशा यांची दिशा एक ठेवल्याने मुलाचा गोंधळ होत नाही. मात्र ही आकृती म्हणजे नकाशा नव्हे. तीत अंतर व वळणे दिसत नाहीत, हे मुलांना सांगावे. दुसऱ्या ओळीने सर्व नद्यांसाठी चौकट, अक्षरांचे वळण आणि अक्षरमान ठरविले. तिसऱ्या ओळीने सर्व जोडरेषांची जाडी ठरविली.

शेवटच्या दोन ओळी अपवादाच्या आहेत, आणि दोहोंस अर्थ आहे. पैनगंगेचे पाणी ज्या मार्गाने गोदावरीपर्यंत जाते, तो मार्ग जाड रेषेने दाखविला आहे. साखळीच्या शेवटी लिहिलेली सूचना त्या साखळीतील तिन्ही रेषांस लागू होते. मुलांची परिचित नदी म्हणून पैनगंगेस दुहेरी चौकट दिली आहे. बाकी सर्व समान असल्यामुळेच हे दोन भेद डोळ्यांत भरतात. सर्वत्र निरनिराळे आकार असते, तर हा मार्ग त्या गर्दीत हरवला असता.

४. आज्ञेचे स्थान

समान नियम कोठे लिहिले आहेत, यास फार महत्त्व आहे. नोड किंवा एज ही आज्ञा तिच्यापुढे प्रथम येणाऱ्या घटकांस व रेषांस लागू होते. आधी येऊन गेलेल्यांस लागू होत नाही. परिपत्रक निघाल्या दिनांकापासून अमलात येते, मागील व्यवहारास लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. वरील लेखातील नोडची ओळ "पूस" या ओळीच्या खाली नेली, तर कयाधू, पैनगंगा आणि पूस या तीन नद्या लहान अक्षरांत व लंबवर्तुळातच राहतील. उरलेल्या चौकटीत येतील. साधन कोणतीही चूक दाखविणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

संस्कृत व्याकरणाचा परिचय असलेल्या शिक्षकांस येथे पाणिनीच्या अष्टाध्यायीतील अधिकारसूत्रांची आठवण होईल. अधिकारसूत्र एकदा सांगितले की त्याचा अंमल पुढील सूत्रांवर ठराविक मर्यादेपर्यंत चालतो. प्रत्येक सूत्रात तेच शब्द पुन्हा लिहावे लागत नाहीत. तसेच सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग आणि विशेष नियम म्हणजे अपवाद, यांचा विरोध आला असता अपवाद बलवान ठरतो. थोडक्यात पुष्कळ सांगावयाचे असेल, तर नियमांची ही व्यवस्था लागतेच, मग ती व्याकरणात असो वा आकृतीत.

म्हणून पहिला दंडक असा : समान नियमांच्या तिन्ही ओळी लेखाच्या अगदी आरंभी, पहिल्या नदीचे नाव येण्यापूर्वी लिहाव्यात.

५. पोटगटापुरते नियम

कधी कधी आकृतीच्या एका भागापुरताच निराळा नियम हवा असतो. लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांचा पाठ एकत्र घेताना मांजरेचा परिवार वेगळा दाखवावयाचा आहे, असे समजा. तेरणा, मन्याड आणि लेंडी या नद्या मांजरेस मिळतात आणि मांजरा गोदावरीस मिळते. वरील लेखात शेवटच्या महिरपी कंसापूर्वी पुढील भाग घालावा :

  सबग्राफ {
    नोड [शेप = इलिप्स]
    "तेरणा" -> "मांजरा"
    "मन्याड" -> "मांजरा"
    "लेंडी" -> "मांजरा"
  }
  "मांजरा" -> "गोदावरी"

पोटगटातील नोडची आज्ञा त्या कंसापुरतीच चालते. कंस संपताच बाहेरचा नियम पुन्हा सुरू होतो. पोटगटात अक्षरमान सांगितलेले नाही, तरीही अक्षरे २४ मानाचीच येतात, कारण बाहेरचे जे नियम बदललेले नाहीत ते आत चालूच राहतात. ही सोय चांगली आहे. परंतु तीत एक खाचखळगा आहे. घटकास त्याचे नियम लागतात ते त्याचे नाव लेखात प्रथम येते त्या क्षणी. समजा, हा पोटगट इतर नद्यांच्या आधी लिहिला आणि "मांजरा" -> "गोदावरी" ही ओळही त्याच्या कंसात घातली. मग गोदावरीचा प्रथम उल्लेख पोटगटात होईल आणि तीही लंबवर्तुळात जाईल. पुढे तिचे नाव कितीही वेळा बाहेर आले, तरी आकार पालटणार नाही. यावर साधा उपाय असा की, जे घटक अनेक गटांशी संबंधित आहेत त्यांची नावे समान नियमांच्या लगेच खाली एकेका ओळीवर लिहून टाकावीत. त्यामुळे ते समान नियमांखाली येतात, आणि मग गटांचा क्रम कसाही ठेवला तरी बिघडत नाही.

आतापर्यंतचे सार एका उतरंडीत मांडता येते. सर्वांत खाली साधनाचे पूर्वनिश्चित नियम. त्यावर आज्ञेबरोबर दिलेले नियम. त्यावर लेखाच्या आरंभीचे समान नियम. त्यावर पोटगटाचे नियम. आणि सर्वांत वर एकेका घटकाची विशेष सूचना. वरचा नियम खालच्यास बाजूस सारतो.

६. मराठी आकृतीतील विशेष अडचणी

(अ) नद्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात. ती दुहेरी अवतरणचिन्हांत घालावीत. नावात मोकळी जागा अथवा जोडचिन्ह असल्यास अवतरण आवश्यकच आहे.

(आ) नावातील अंक मराठी चालतील. पण जाडी, अक्षरमान यांसारख्या मापांचे अंक इंग्रजी पद्धतीनेच टंकावेत. या पाठात छपाईच्या रीतीप्रमाणे ते मराठीत दिले आहेत.

(इ) साधनाच्या मूळ वळणात देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून फाँटनेमची सूचना मराठी आकृतीत आवर्जून द्यावी. वळणाचे नाव संगणकावर जसे नोंदलेले असेल, तसेच रोमन लिपीत लिहावे. चौकटीची रुंदी साधन आपल्या संगणकावरील अक्षरांवरून मोजते. चित्र दुसऱ्या संगणकावर उघडले आणि तेथे ते वळण नसले, तर अक्षरे चौकटीबाहेर येतात. छपाईसाठी पाठवावयाची आकृती म्हणून पीडीएफ स्वरूपात द्यावी.

(ई) गुणाचे नाव चुकले, उदाहरणार्थ फाँटसाइझमधील शेवटचे अक्षर राहिले, तर साधन तक्रार न करता ती सूचना सोडून देते. नियम लिहिला असूनही आकृती बदलली नाही, तर प्रथम वर्णाक्षरे तपासावीत. गुणांची नावे लहान लिपीतील रोमन अक्षरांतच लिहावीत.

(उ) ग्राफच्या ओळीत कागदाचे कमाल माप सांगता येते. आकृती त्या मापाहून मोठी झाली, तर साधन ती सबंध लहान करते, आणि तीबरोबर अक्षरेही लहान होतात. अक्षरमान २४ लिहिले आणि आकृती निम्मी झाली, तर कागदावर १२ मानाचीच अक्षरे उमटतात. छापलेली प्रत भिंतीवर लावून मागील बाकावरून स्वतः वाचून पाहावी. लेखातील आकड्यावर विसंबू नये.

७. एका ओळीचे मोल

समान नियम एका ठिकाणी असल्याचा खरा लाभ आकृती बदलताना कळतो. वर्गात एखाद्या मुलाची दृष्टी अधू असते. तो विचारीत नाही; शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवितो, आणि पुष्कळदा त्यामुळे मंद समजला जातो. अशा मुलासाठी नोडच्या ओळीत २४ च्या जागी ३६ लिहावे, आणि सबंध आकृती मोठ्या अक्षरांत त्याच्या हाती ठेवावी. कामास एक मिनिट लागते. अक्षरमान बारा ठिकाणी विखुरलेले असेल, तर दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकास तेवढी सवड होत नाही आणि ते काम राहून जाते. राहून जाते ते त्या मुलाचेच.

अक्षरमान आज्ञेबरोबरही देता येते. त्यासाठी डॉट या आज्ञेनंतर उणे चिन्ह, मोठा एन, आणि त्यास लागून गुणाचे नाव, बरोबरचे चिन्ह व मूल्य लिहावयाचे. परंतु लेखातील नियम आज्ञेतील नियमापेक्षा बलवान असतो. लेखात अक्षरमान आधीच लिहिलेले असल्यास आज्ञेचा परिणाम होणार नाही. एकाच लेखातून लहान व मोठ्या अक्षरांच्या प्रती नेहमी काढावयाच्या असतील, तर लेखातून अक्षरमान वगळावे आणि ते प्रत्येक वेळी आज्ञेबरोबर द्यावे.

दुसरे उदाहरण झेरॉक्स प्रतींचे. रंगांनी दाखविलेला भेद काळ्या-पांढऱ्या प्रतीत नाहीसा होतो. म्हणून शाळेच्या आकृतीत भेद रेषेची जाडी, दुहेरी चौकट किंवा आकार यांनी दाखवावा; रंग असल्यास तो जादा असावा, एकमेव खूण नसावा.

शाळेतील सर्व आकृत्यांसाठी, मग ती जलचक्राची असो, अन्नसाखळीची असो वा ग्रामपंचायतीच्या रचनेची असो, आरंभीच्या तीन ओळी सारख्याच ठेवाव्यात. मूल तिसरीतून चौथीत गेले तरी जाड रेषेचा अर्थ तोच राहिला, म्हणजे त्याला आकृती वाचण्याची सवय लागते. प्रत्येक अपवादाच्या वर दोन तिरप्या रेघा देऊन त्याचे कारण एका ओळीत लिहावे. साधन ती ओळ वाचीत नाही; पुढे त्या जागी येणारा शिक्षक वाचतो.

मर्मेड व प्लँटयूएमएल या साधनांतही समान नियम वेगळे व एकत्र सांगण्याची सोय आहे. शब्द निराळे आहेत. समान ते एकदा सांगावे आणि विशेष तेवढेच जागेवर सांगावे, हे सूत्र मात्र तेथेही लागू आहे.

८. वर्गातील उपयोजन

संगणक हाताशी नसला तरी या पाठातील तत्त्व फळ्यावर शिकविता येते. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रथम खुणांची सूची लिहावी : चौकट म्हणजे नदी, बाण म्हणजे पाण्याची दिशा, जाड बाण म्हणजे आपल्या पैनगंगेचा मार्ग. मग आकृती काढावी. मध्येच एक नदी मुद्दाम वर्तुळात काढावी आणि मुलांनी हटकेपर्यंत थांबावे. मुलांनी हटकले, तर आकृतीतील भेदास अर्थ असतो हे त्यांना उमगले असे समजावे.

स्वाध्याय (शिक्षकांसाठी)

१. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट आणि आदिलाबाद ही रेल्वेस्थानके क्रमाने जोडणारी आकृती लिहा. गाडी दोन्ही दिशांनी जाते. म्हणून बाण नकोत. प्रत्येक रेषेवर सूचना न लिहिता एजच्या एकाच ओळीत ते कसे साधाल? (सूचना : डिर हा गुण आणि नन हे मूल्य. वर्णाक्षरे : डी, आय, आर, एन, ओ, एन, ई.)

२. तिसऱ्या भागातील लेखात नोडची ओळ "आसना" या ओळीच्या खाली नेल्यास कोणत्या नद्या लंबवर्तुळात राहतील? आधी कागदावर यादी करा, मग संगणकावर पडताळून पाहा.

३. आपल्या शाळेच्या भिंतीवरील कोणतीही एक आकृती घ्या. तीत दिसणाऱ्या प्रत्येक भेदाची यादी करा आणि त्यापुढे कारण लिहा. ज्या भेदापुढे कारण लिहिता आले नाही, तो पुढील प्रतीत काढून टाका.